कन्नड ‘खुलासे’ आणि मराठी ‘खुलासा’ – कोर्टातल्या शब्दांबद्दल

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातनं विचारतोय. आमच्या मामांच्या केसचा निकाल लागला, कागद कन्नडमधनं आहे आणि त्यात ‘खुलासे’ असा शब्द आहे. मामी म्हणतात, अजून खुलासा द्यायचा राहिलाय, त्यात परत सहा महिन्यांचा बाँडपण लिहून घेतलाय. मग मामा सुटले की नाही? अजून आरोपीच म्हणायचं काय त्यांना?

उत्तर : मामा सुटलेत, आधी मामींना ते सांगा! कोर्टाच्या कन्नडात ‘खुलासे’ म्हणजे निर्दोष मुक्तता. कन्नड पेपरातपण रोज येतो बघा हा शब्द. शब्द मूळचा अरबी, त्या धातूतच मोकळं होणं आहे, कन्नडात माणूस मोकळा झाला आणि आपल्याकडं गोष्ट मोकळी करून सांगणं एवढंच राहिलं. बाँडचं म्हणाल तर तो वरच्या कोर्टासाठी असतो, म्हणजे निकालाविरुद्ध अपील झालं आणि नोटीस आली तर हजर राहीन असं लिहून द्यायचं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) कलम ४३७-अ होतं, आता तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८१, मुदत सहा महिने. बेळगावच्या सेशन कोर्टाचा निकाल असेल तर अपील कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडं जातं. आणि आरोपी म्हणायचं नाही आता. गावात कुणी ‘पुरावा नव्हता म्हणून सुटला’ म्हणालं तर ठणकावून सांगा, गुन्हा शाबित करायचं काम सरकारी पक्षाचं, ते झालं नाही म्हणजे कायद्यानं माणूस निर्दोषच.

दुसरं उत्तर : यात भर घालतो. ‘आरोपी’ दोन्ही भाषांत एकच, पण कन्नड ‘अपराधी’ म्हणजे कोर्टानं दोषी ठरवलेला. आपले लोक अटकेच्या दिवशीच गुन्हेगार, अपराधी काय वाट्टेल ते लिहून मोकळे होतात, हे मला फार खटकतं. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलात कच्चे कैदी असतात, कन्नडात ‘विचारणाधीन कैदी’, म्हणजे खटला चालू आहे, निकाल नाही. हे ‘विचारणे’ आपल्या प्रश्न विचारण्याचं नव्हे, सुनावणीचं.

अजून एक शब्द लक्षात ठेवा, ‘हेळिके’ म्हणजे जबाब. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही असं कायदाच सांगतो, आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

प्रश्न : आणि कन्नड वाचताच येत नसेल तर? आमच्याकडं निम्म्या घरांत हेच आहे.

उत्तर : मग आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागायचं! अटक का केली ते सांगायलाच पाहिजे, घटनेच्या कलम २२ मध्येच आहे ते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची. साक्षपण आरोपीला कळत नसलेल्या भाषेत झाली तर ती त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, कस्टडीतल्या माणसाला तिथं उत्पन्नाची अट लागत नाही.