विद्यार्थ्यांच्या माहितीपटात मार्गदर्शकाने हात किती घालावा?

मिरजेचा कॅमेरावाला
नमस्कार मंडळी. १४ वर्षं फ्रीलान्स शूटिंग करतोय. बहुतेक लग्नं, मुंजी, अधूनमधून एखाद्या कारखान्याची फिल्म. यंदा गावातल्या एका कॉलेजने पाच मुलांना माहितीपटासाठी मार्गदर्शन करायला बोलावलं. विषय मुलांनीच निवडला: मिरजेचा तंबोरा. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भोपळा कापतानाचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मुलांनी मात्र जवारी लावणं पकडलं, म्हणजे सूर घुमावा म्हणून तारांखालची घोडी घासणं. तंबोरा बनवणारे चाचा मान खाली घालून घोडीवर कानस फिरवतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. एका मुलीने ट्रायपॉड लावून हे सलग २२ मिनिटं घेतलं. एकदाही झूम नाही. सुरुवातीला तार नुसती टणटण वाजते. शेवटी चाचा तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि तोच सूर खोलीभर पसरतो. लग्नात मला असं थांबायला कधी मिळालं नाही. अक्षता पडल्या की क्षण गेला.

परवा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, पाहिला. त्या २२ मिनिटांची ४० सेकंदं झालीत. कानशीचा आवाज म्यूट, खाली इंटरनेटवरून घेतलेलं सतारीचं तयार संगीत, वर निवेदन: गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. खरं आहे, पण ते चाचांच्या हातांवर कशाला? मला रात्री झोप लागली नाही. प्रोजेक्ट माझ्याच हार्ड डिस्कवर आहे, दोन तासांत नीट करून टाकीन. पण मग फिल्म त्यांची राहील का? तुम्ही अशा वेळी काय करता?

आवाजपेटी
मूळ आवाज कशावर घेतलाय? कॅमेऱ्याच्याच माइकवर असेल तर पंख्याची घरघर आली असणार, आणि मुलांनी संगीताने तीच झाकली असणार. माझ्याकडच्या मुलांचं दर वेळी असंच निघतं. परत जा, पंखा बंद करायला सांगा, माइक कुर्त्याला न लावता घोडीपासून हातभर अंतरावर ठेवा. निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची मिनिटभर शांतता वेगळी रेकॉर्ड करा. एडिटला आवाज जोडताना तीच कामी येते.

मिरजेचा कॅमेरावाला
पंख्याचंच आहे! दुसऱ्या कॅमेऱ्यात ट्यूबलाइटही लुकलुकतेय, शटरचा वेग १/६० सेकंदावर राहिला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवा, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ती चूक माझी.

नाशिकची एडिटर
दादा, प्रोजेक्टला हात लावू नका. मी एकदा लावला होता. रात्रभर बसून मुलांचा कट सुधारला, बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी दिग्दर्शक मुलीला एका कटबद्दल विचारलं, की इथेच का तोडलंत? तिला सांगता येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यापेक्षा रफ कट चाचांना दाखवा, मुलांना समोर बसवून. ज्यांचं काम आपण टिपलं त्यांना ते सगळ्यांत आधी बघायला मिळालं पाहिजे.

सावंतवाडीकर
वरच्या दोघांशी सहमत. फक्त त्या हार्ड डिस्कची दुसरी प्रत आजच काढा आणि वेगळ्या घरी ठेवा.

मिरजेचा कॅमेरावाला
आठ दिवसांनी लिहितोय. प्रत काढली, एक कॉलेजात ठेवली. काल लॅपटॉप घेऊन चाचांकडे गेलो. मुलं भिंतीला टेकून उभी. चाचा पडद्याकडे बघतच नव्हते, मान खाली घालून ऐकत होते. जवारीचा भाग आला तसा त्यांनी हात वर केला.

"ही सतार कुणाची? माझ्याकडची नाही. आणि मी तर तंबोरा घासतोय."

कुणीच काही बोललं नाही. मग ते २२ मिनिटांचं शूट करणारी मुलगी पुढे आली. म्हणाली, "चाचा, उद्या पंखा बंद करून परत घासाल का?"

"हा झाला तयार. याला आता कानस लावायची नाही. दुसरा मंगळवारी घोडीवर येईल, तेव्हा या."

मंगळवारी जातोय. माइक तीच धरणार आहे.