पणजीचं मोहतूर (विधवेचं दुसरं लग्न) झालं होतं, नोंद कुठंच नाही. आजोबाचा पहिला बाप कसा शोधावा?

पूसकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव पुसद तालुक्यातलं. भाच्याच्या जात पडताळणीसाठी जुने कागद काढत होतो त्यात एक गुंता निघाला, पडताळणीचं काम तर झालं पण मले आता तो गुंता झोपू देत नाही. आजोबाचं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 1936 सालचं नाव आहे, तिथं बाप गणपत आन् आडनाव भलतंच. जन्मतारीख अर्थातच 1 जुलै, मास्तरनं सगळ्या वर्गाले तीच दिलेली. आन् शेताच्या कागदावर आजोबा तुकारामचे वारस, आमचं आजचं आडनाव तुकारामचं.

बापाच्या मोठ्या आत्याले विचारलं तर ती म्हणे, अरे पणजी आधी मंगरूळपीरकडं दिली होती, तो नवरा मेला, मंग आपल्या गावात मोहतूर लावून आणली, तुया आजोबा तवा चांगला चालता-बोलता होता. घरात आजवर कोणी हे बोललंच नाही. पणजीचा जन्म कधीचा तर आत्याचा हिशोब असा की मानमोडीच्या साथीत पणजीची माय गेली आन् तवा पणजी चुलीशी बसण्याजोगी होती. मानमोडी म्हणजे 1918, तर पणजी 1910 च्या आसपासची धरायची. बाकी पहिलं लग्न, मोहतूर, आजोबाचा जन्म, कशाचाच कागद नाही. तहसीलमधी विचारलं तर बाबू म्हणे लग्नाचं रजिस्टर तेव्हा नव्हतंच. मंग शोधावं कुठं?

सेवानिवृत्त तलाठी:
बाबू खरं बोलला. खेड्यातल्या लग्नाची सरकारदरबारी नोंद त्या काळी कोणी करत नव्हतं, मोहतुराची तर नाहीच नाही. जन्माचं म्हणाल तर पोलीस पाटील नाही तर कोतवाल वहीत टिपायचा, तिलेच आपण कोतवाल बुक म्हणतो. पण ते सापडलं तरी आजोबाचं नाव सापडेल या भरवशावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची. तुम्ही 1927 ते 1931 मधला गणपतचा 'मुलगा' शोधा, नावाच्या मागं लागू नका.

आता महत्त्वाचं. गणपतच्या नावावर शेत असेल तर लग्न शोधू नका, फेरफार शोधा, म्हणजे शेतावरचं नाव बदलल्याची नोंद. वऱ्हाडात हक्कनोंदणी 1928 च्या कायद्यानंतर आली, म्हणजे तुमचा काळ नेमका त्यात बसते. गणपत मेल्यावर शेत आजोबाच्या नावावर चढलं असेल आणि लेकरू लहान म्हणून पुढं 'अज्ञान, अ.पा.क. आई अमुक' असं लिहिलेलं असेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जुन्या कागदात बाईचं नाव यायची जी दोन-चार ठिकाणं आहेत त्यातलं हे एक. मग काही वर्षांनी दुसरा फेरफार पडतो, आई जाते आणि अ.पा.क. म्हणून काका लागतो. तिथं समजायचं की मोहतूर झालं. मूलबाळ नसलेल्या विधवेचं तर नावच शेतावरून उडायचं, 1856 च्या पुनर्विवाहाच्या कायद्यातच होतं ते, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क संपला. लग्नाची नोंद नाही पण लग्नापायी गेलेल्या हक्काची आहे, असा कारभार.

आणखी एक, वाशीम जिल्हा 1998 ला झाला, त्याआधी मंगरूळपीर अकोल्यात. मंगरूळला 'रेकॉर्ड नाही' म्हटलं तर परत फिरू नका, अकोल्याच्या रेकॉर्ड रूमलाही विचारा.

बिनधास्त वऱ्हाडी:
कायले उकरून रायले भाऊ जुनं मढं. पडताळणी झाली ना, मंग झालं. आन् कागदच पायजे असन तं आमच्याकडं एक एजंट हाये, आजोबाचा जन्म दाखला काढून देते, नुसतं आधार आन् प्रतिज्ञापत्र लागते म्हणे.

सेवानिवृत्त तलाठी:
एजंटच्या नादी लावू नका पोराले. वर्ष उलटल्यावर जन्म नोंदवायचा तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, चौकशी होते. ज्याचा जन्म जिवंत माणसापैकी कोणी पाह्यला नाही त्याचं प्रतिज्ञापत्र करणार कोण? असा दाखला उद्या रद्द झाला तर भाच्याचे खरे कागदही संशयात येतील.

तांड्यावरची लेक:
दादा मी दिग्रसकडली, आम्ही बंजारा. आमच्यात पिढ्या सांगायचं काम ढाडीचं, तो तांड्यात आला की आजा-पणजाची नावं घडाघडा म्हणायचा, पण बायांची नावं त्यातही कमीच. म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही गणपतचं गाव सोडा थोडा वेळ आन् पणजीचं माहेर शोधा. बाई एका घरून दुसऱ्या घरी गेली तरी माहेर तर एकच राहते ना, मोहतूर लावून देणारेही माहेरचेच असतीन, त्यांच्यात कोणाला तरी दोन्ही जावयांची नावं माहीत राहतीन. आत्याले विचारा, आजोबाच्या लग्नात मामाकडून कोण आलं होतं. आन् घरात आहेराची वही आहे का जुनी? आमच्या सासऱ्यानं 1952 ची जपून ठेवली आहे, कोणी लुगडं दिलं, कोणी भांडं दिलं, कोणी किती रुपये, पुढं गावाचं नाव. आमच्या चुलतसासूचं माहेर त्या वहीवरूनच कळलं. मतदार यादीच्या भरवशावर राहू नका बरं का, पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात 28 लाखाच्या वर बायांची नावं उडाली होती, कारण यादीत लिहिलं होतं अमक्याची बायको, तमक्याची माय.

कारंजेकर:
त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पण बघा. घरातलं कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलं असेल तर त्यांच्या वहीत गाव, आडनाव, सोबत कोण आलं, कोणाचे मुलगे कोण असं लिहिलेलं असतं आणि सहीही घेतात. जाताना नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका, मूळ गाव आणि जात सांगावी लागते, त्यावरून तुमचा गुरुजी कोणता ते ठरतं. पण खरं सांगू का, 1930 च्या सुमारास हातावर पोट असणारा माणूस त्र्यंबकला कुठं जातो, तो गावच्या नदीतच मोकळा व्हायचा. गणपतकडं चार पैसे असतील तरच हा खर्च करा.

पूसकाठचा:
ताई, तुमच्या पाया पडतो! आहेराची वही निघाली, आत्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली. आजोबाचं लग्न 1949 चं. दुसऱ्या पानावर मंगरूळकडल्या एका गावाचं नाव, त्यापुढं शाळेच्या रजिस्टरात आहे तेच आडनाव आन् सव्वा रुपया. आत्याले वाचून दाखवलं तर म्हणे हो, एक म्हातारा आला होता, तुया आजोबाले पोटाशी धरून लय रडला, आम्हाले वाटलं ओळखीचा असन. म्हणजे काकाच असावा, पण हे माझ्या मनाचं, कागद नाही. गाव तर भेटलं. आता तलाठी साहेब, तिथं जाऊन नक्कल मागताना अर्जात काय लिहू? गट नंबर तर मले माहीत नाही.

सेवानिवृत्त तलाठी:
गट नंबर लिहूच नका, तो जमिनीच्या एकत्रीकरणानंतरचा. त्या काळात सर्व्हे नंबर चालायचा. आधी गावच्या आजच्या तलाठ्याकडून त्या आडनावाच्या खातेदारांची यादी बघा, त्यांच्या गटाचे जुने सर्व्हे नंबर काढा, मग अर्जात सर्व्हे नंबर, 1928 ते 1945 चे फेरफार आणि सोबत कोतवाल बुक असं स्पष्ट लिहा. कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. कागद मोडीत निघाला तर घाबरू नका, मोडी वाचणारे अकोला-अमरावतीत भेटतात, लिप्यंतर करून देतात. आणि नक्कल मागायच्या आधी त्या गावात एक चक्कर मारा. ज्यानं सव्वा रुपया दिला त्याचे नातू असतील तिथं. फक्त पहिल्याच भेटीत शेताचं नाव काढू नका, नाहीतर वाटणी मागायला आला म्हणून दारातूनच परत पाठवतील.