कोल्हापूर आणि भवताल : तुमची पळायची वाट कोणती?

गेली काही वर्षं कोल्हापुरात पहाटे पळणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली आहे. रंकाळ्यावर गर्दी होते, विद्यापीठात होते. पण या शहराच्या आसपास पळायला किती आणि कसल्या कसल्या वाटा आहेत, हे एका जागी कुणी लिहून ठेवलेलं नाही. नवीन पळणारा रंकाळ्याला एक फेरी मारतो आणि तिथंच थांबतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

म्हणून हा धागा. किती मिनिटांत किती किलोमीटर, हे नको. ते घड्याळ सांगतं. वाटेत काय दिसतं, कोणत्या महिन्यात ती वाट चांगली, पाणी कुठं मिळतं, अंधार किती, कुत्र्यांचा त्रास आहे का, हे लिहा. माझं स्वतःचं मत असं की कोल्हापुरात वाट पंचांग बघून ठरवावी. जानेवारीतला नदीकाठ जुलैत नदीच्या पोटात असतो, आणि मे महिन्यात भाजून काढणारं पठार सप्टेंबरात सोडवत नाही. तुमच्या वाटेचा महिना आवर्जून सांगा.

फुलेवाडीहून

माझी वाट रंकाळाच. त्याबद्दल काय लिहायचं असं वाटेल, पण रोज पळणाऱ्यालाच रंकाळा कळतो असं मी म्हणेन. पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटरची भरते. मी संध्यामठापाशी सुरुवात करते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मठाचं दगडी बांधकाम खालपर्यंत उघडं पडतं, आणि श्रावणात बघावं तर अर्धा मठ पाण्यात. वर्षभरात पाणी कुठवर आलं ते मी त्या दगडांवरून ओळखते.

पहाटे धुण्याच्या चावीकडून जाताना कपडे आपटल्याचा आवाज येतो, पुढे शालिनी पॅलेसच्या बाजूला झाडी दाट होते आणि हवा एकदम गार लागते. थंडीत चांदवे पक्षी पाण्यावर पसरलेले असतात. चौपाटीवर पळायचं तर सहाच्या आत, नंतर चालणाऱ्यांची रांग लागते. संध्याकाळी तिथून सूर्य थेट पाण्यापलीकडे मावळतो, पण भेळेच्या गाड्या आणि गर्दीतून पळणं होत नाही.

आमच्यातल्या बऱ्याचजणी पन्नाशीच्या पुढच्या. सुरुवातीला पंजाबी ड्रेस घालून चालायचो, मग थोडं थोडं पळायला लागलो. बायकांनी एकटीनं पळायचं असेल तर माझ्या मते शहरात याहून चांगली जागा नाही, कारण साडेपाचपासून कुणी ना कुणी ओळखीचं दिसतंच. जलपर्णी वाढते तेव्हा वास येतो आणि जीव तुटतो. हे तळं स्वच्छ राहावं यासाठी आम्ही भांडतो आणि भांडत राहणार.

गंगावेशीतून

ताईंनी छान लिहिलंय. आता तालमीतल्यांची वाट सांगतो.

आम्ही कधी ‘रनिंगला जातो’ म्हटलं नाही. वस्ताद पहाटे चारला उठवायचे, लंगोट-चड्डीवर पोरं बाहेर. गंगावेशीतून पंचगंगा घाट, घाटावरच्या देवळांना हात जोडायचे, शिवाजी पुलावरून पलीकडं आंबेवाडीच्या बाजूला जाऊन माघारी. पुलावर आलं की खालून नदीचा गारवा अंगावर येतो, थंडीत तर धुकं इतकं की पुढच्या पोराची पाठ दिसत नाही, नुसता पायांचा आवाज ऐकत पळायचं. परत आलं की आखाडा. माती उकरायची, जोर-बैठका, मग लढत. पळणं म्हणजे मेहनतीची फक्त सुरुवात.

शनिवारी वस्ताद जोतिबाला न्यायचे. केर्ली सोडली की चढ लागतो आणि तिथं कोण खरा दमाचा ते कळतं. चैत्रातल्या यात्रेनंतर गेलं तर रस्त्याच्या कडेनं मातीत गुलाल मिसळलेला असायचा. वर दर्शन घ्यायचं, उतरताना मात्र पळू द्यायचे नाहीत, गुडघे जपा म्हणायचे. हे नवीन पोरांनी ध्यानात घ्यावं. भारी बूट घालूनही उतारावर धावत सुटतात आणि मग महिनाभर लंगडतात.

माघारी आल्यावर दूध कट्टा. म्हशी समोर उभ्या, धार पेल्यात, फेस मिशीला. धारोष्ण दूध कोल्हापुरात अजून असं मिळतं. पण पळून आल्या आल्या पिऊ नका, दम खाली बसू दे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून या शहरातली पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात ती कुस्तीसाठी. मॅरेथॉनवाले आता आले. या आनंदानं, रस्ता सगळ्यांचा आहे. पण पहाटे साडेचारला एखादं लालमातीनं भरलेलं पोरगं शेजारून गेलं तर त्याला वाट द्या.

कसबा बावड्यातून

आमची वाट नदीची, आणि महिना विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

सुरुवात लक्ष्मी विलास पॅलेसपासून करावी असं मी बाहेरून आलेल्या प्रत्येकाला सांगतो. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म इथं झाला. तिथून बावड्यातून राजाराम बंधाऱ्यावर उतरायचं. ज्याला सगळा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो तसलाच हा. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की बरगे काढून नदी मोकळी सोडायची. बरगे घातलेले असताना बंधाऱ्यावरून पळालं तर एका अंगाला काठोकाठ, न हललेलं पाणी आणि दुसऱ्या अंगाला उघडे खडक. एवढ्या अरुंद जागेत नदीची दोन रूपं दिसतात. पलीकडं वडणगे. तिथून उसातून पाणंद धरायची.

आणि गुऱ्हाळं! हंगाम सुरू झाला की पाणंदीत शिरायच्या आधीच गुळाचा वास येतो. मी एका गुऱ्हाळापाशी थांबतोच. चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस पहाटेपासून घामानं निथळत असतो, काहिलीत रस उकळत असतो आणि गुळव्या मोठ्या झाऱ्यानं मळी काढत असतो. रस कधी उतरवायचा हे तो बुडबुड्यांवरून ओळखतो. थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो, मग हाक देतो, आणि सगळे मिळून काहील वाफ्यात ओततात. तेवढी पाच मिनिटं घड्याळ बंद ठेवायला हरकत नाही. हातावर गरम काकवी मिळाली तर पळणाऱ्याला त्याहून चांगलं खाणं नाही.

जूनपासून या वाटेचं नाव काढू नका. बंधारा पहिल्या मोठ्या पावसातच पाण्याखाली जातो. याच बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी या आकड्यांच्या किती वर गेलं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पळायची पाणंद पूर उतरल्यावर कित्येक दिवस चिखलात होती. आम्ही फावडी घेऊन गेलो तो भाग वेगळा.

राजारामपुरीतून, थोडक्यात

पावसाळ्यात शिवाजी विद्यापीठ. १९६२ ला स्थापन झालेलं, साडेआठशे एकरांचा परिसर, डांबरी रस्ते आणि आत मातीच्या वाटा. पुतळ्यापासून सुरू करून आतल्या तळ्यांकडं वळलात की मोर दिसतात, नाहीतर ऐकू तरी येतात. पाऊस असला तरी रस्त्यावर पाणी साठत नाही. जोर असेल तर पुढं राजाराम तलावापर्यंत जाऊन या.

पन्हाळ्याबद्दल, शाहूपुरीतून

पन्हाळा कुणी लिहिणार की नाही याची वाट बघत होते. मग मीच लिहिते.

शहरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर. सगळं अंतर पळायची गरज नाही. मी वाघबीळला गाडी लावते आणि तिथून चढते, चार-पाच किलोमीटरचा चढ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आणि पन्हाळा ९७७ वर, तेव्हा पाय बोलतातच. चढताना डाव्या-उजव्या वळणांवर एकेकदा सगळा पंचगंगेचा मुलूख खाली उलगडतो. धुक्याच्या दिवशी काहीच दिसत नाही आणि तेही मला आवडतं.

वर आलं की बाजीप्रभूंचा पुतळा. त्यापुढं गडावरची फेरी. माझा क्रम ठरलेला आहे : आधी सज्जाकोठी, तिथून जोतिबाचा डोंगर समोर. मग अंबरखाना, गंगा-यमुना-सरस्वती ही तीन धान्यकोठारं. त्यांच्या भिंतींची जाडी बघून सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० ला गड चार महिने कसा तग धरून राहिला ते समजतं. मग तीन दरवाजा. तीन दरवाजाच्या कमानीतून पळत जाताना स्वतःच्या पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आणि शेवटी पुसाटी बुरूज, पश्चिमेचं टोक.

ज्यांना डांबर नको त्यांच्यासाठी मसाई पठार. गडाच्या पश्चिमेला म्हाळुंग्याच्या बाजूनं वर जायचं. कातळाचं सपाट पठार मैलोन्मैल, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर फुलं. कृपा करून मळलेली वाट सोडू नका. फूल तुडवलं तर बी पडत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पालखीतून याच पठारावरून विशाळगडाकडं गेले. आपण उजेडात, चांगल्या बुटांनी, खिशात खजूर घेऊन पळतो. ती माणसं खांद्यावर पालखी घेऊन, भर पावसात, रात्रीची धावत होती. शिवा काशीद मागं पकडले गेले, बाजीप्रभू पुढं घोडखिंडीत पडले. पठारावर चिखलात पाय रुतला की मला त्या पालखीच्या भोयांची आठवण येते. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारसा यादीत गेला. आनंद आहेच. पण सकाळी गडावर बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या दिसतात. आम्ही पाठीवरच्या पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवतो आणि उतरताना जमेल तेवढं भरून आणतो.

याच विषयावर, बुधवार पेठेतून (पन्हाळ्याच्या पायथ्याची)

ताई, एक भर घाला. अंधारात एकट्यानं मसाईकडं जाऊ नये. या डोंगरात गवे आहेत, बिबट्याही दिसतो. गवा दिसला तर थांबा, आवाज करू नका, फोटोसाठी पुढं जाऊ नका, त्याला जाऊ द्या. उन्हाळ्यात पठारावर पाणी मिळत नाही, दोन लिटर जवळ हवंच.

टाकाळ्यावरून

टेंबलाई टेकडी कुणी लिहिली नाही! लहान आहे, पण चढाचा सराव करायला शहरातल्या शहरात दुसरी जागा कुठली? वर त्र्यंबोलीचं देऊळ, खाली सगळं शहर. आषाढात मंगळवार-शुक्रवारी मात्र पळायचं विसरा, नदीचं नवं पाणी देवीला वाहायला घेऊन ‘पी ढबाक’च्या तालावर गल्ल्याच्या गल्ल्या येतात. त्या दिवशी बूट बाजूला काढून ठेवतो आणि आम्हीही घागरीमागं चालतो.

हिंजवडीहून, दिवाळीला गावी येणारा

पुण्यात रोज पळतो, पण दिवाळीत पहाटे आमच्या मंगळवार पेठेतून निघून मिरजकर तिकटी, बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार रोड अशी फेरी मारतो. दुकानं बंद, दारात रांगोळ्या, सडा ओला. रांगोळी चुकवत पळावं लागतं, वेग विसरायचा. अंबाबाईच्या महाद्वारासमोर थोडा थांबतो. नोव्हेंबरात मावळतीची किरणं याच दिशेनं आत जातात, हे डोक्यात असल्यामुळे पहाटेही ती कमान वेगळी दिसते.

एक विचारायचं होतं : कळंबा तलावाकडून कात्यायनीपर्यंतचा रस्ता आता पहाटे पळण्यासारखा आहे का? ट्रक वाढलेत असं ऐकतो.

फुलेवाडीहून

दादा, रविवारी ठीक आहे, बाकी दिवशी गारगोटी रस्त्याला वाहतूक फार. तलावाच्या बांधाजवळ गाडी लावा, मुख्य रस्ता टाळून आतल्या वाटेनं जा आणि सातच्या आत माघारी फिरा. दिवाळीत येणार असाल तर कळवा, आम्ही चौघी-पाचजणी त्या आठवड्यात तिकडं जाणारच आहोत.