किटात चार महिने तोंड मिटून

नमस्कार मंडळी,

लेक पावणेचार वर्षांचा. सप्टेंबरपासून इथे जर्मनीत किटात (बालवाडीत) जातो. घरी अखंड बडबड: फ्रिज का गुरगुरतो, आजीचा गुडघा का वाजतो. किटाच्या दारात बूट काढून सपाता चढवल्या की तोंडाला कुलूप. पाणी हवं असलं की रिकामी बाटली बाईंसमोर धरतो. परवा बाई म्हणाल्या, घरीही जर्मनच बोला. नवऱ्याला पटलंय. सासूबाई फोनवर म्हणतात, दृष्ट काढ. कोणाचं ऐकू?

– लेकाची आई

---

ताई, दृष्ट खुशाल काढा, पण मराठी सोडू नका! तुमचं मोडकंतोडकं जर्मन (माझंही तसंच, रागावू नका) ऐकून तो किटातलं जर्मन शिकणार नाही. उलट घरची बडबड मात्र आटेल.

मी नऊ वर्षं किटात काम करते. नवं मूल आधी घरचीच भाषा चालवून बघतं. समोरचे नुसते बघत राहतात हे कळलं की ती आवरतं आणि खुणांवर येतं. मग 'फेर्टिग' (झालं), 'माइन्स' (माझं) असे सुटे शब्द. लहान मुलं दुसरी भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅटन टेबर्सनी १९९७ च्या पुस्तकात हेच टप्पे मांडलेत. गप्प काळ काहींचा आठवड्यांत सरतो, काहींना महिने लागतात. बाटली धरतो ना? म्हणजे सांगतोयच की. १९८८ मध्ये भाषा-संशोधक म्युरिएल सॅविल-ट्रॉइक यांनी अशा गप्प मुलांचे आवाज टिपले, तर बरीचशी दुसऱ्यांचे शब्द ओठातल्या ओठात घोळवत होती.

एवढं मात्र बघा: गणपतीला, वाढदिवसाला मराठी पोरांतही तो असाच मुका असतो का? घरचं मराठी वयाच्या मानाने मागे आहे का? तसं असेल तर डॉक्टरांशी बोला. ४६ ते ४८ महिन्यांच्या मुलांची 'यू ८' ही डॉक्टरांकडची नेहमीची तपासणी जवळ आलीच आहे. नुसती नवी भाषा येत नाही म्हणून कोणी 'म्यूटिझमुस'चा (ठरावीक ठिकाणी बोलताच न येण्याच्या विकाराचा) शिक्का मारत असेल तर ऐकू नका. आणि 'बोल ना, बोल ना' करून त्याला चारचौघांत उभं करू नका.

– किटातली मावशी

---

मावशी, गणपतीला तर त्याने आरतीत माइक ओढला होता!

काल न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून ऐकलं. रबरी बदकाला दम चालला होता, 'आउफरॉयमन! आउफरॉयमन!' (आवरा! आवरा!) सूर थेट बाईंचा. मी आत गेले तर म्हणतो, "आई, तू बाहेर जा."