ऑनर्स विथ रिसर्चच्या चौथ्या वर्षाला गाइडने नेमकं करायचं काय?

तालुक्यातला_मास्तर
नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज ऑटोनॉमस आहे, नवीन शैक्षणिक धोरण आम्ही २०२३-२४ ला लागू केलं, म्हणजे ती बॅच २०२६-२७ ला चौथ्या वर्षात येते आणि पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असलेल्या मुलांना ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे चौथ्या वर्षी गाइडच्या हाताखाली संशोधन करून मिळणारी पदवी, घेता येणार. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० क्रेडिट आहेत (आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरला २२ धरून १३२ आणि १७६), त्या आराखड्यात रिसर्च प्रोजेक्ट किंवा डेझर्टेशन १२ क्रेडिटचं. सिलॅबस बीओएसने (अभ्यास मंडळाने) केलाय पण गाइडने आठवड्याच्या आठवड्याला काय करायचं यावर एक ओळ सापडत नाही. म्हणून एचओडी मॅडमनी मला विभागासाठी पानभर सूचना लिहायला सांगितल्यात. मी अर्थशास्त्र शिकवतो. कच्चं लिहून झालंय, इथे टाकतोय, पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा.

माझं पहिलं म्हणणं, विषय मुलाने आणायचा, गाइडने टॉपिकची यादी लावायचीच नाही. एमएच्या प्रोजेक्टचं काय होतं आपण सगळ्यांनी बघितलंय, नोटीस बोर्डावर यादी लागते, मुलं नावापुढे टॉपिक लिहून घेतात, मार्च उजाडला की मागच्या बॅचची फाइल शोधतात, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल होतं आणि व्हायवा पाच मिनिटांत संपतो. माझं स्वतःचं डेझर्टेशन असंच झालं. गाइडना वर्षात दोनदा भेटलो, त्यातलं दुसऱ्यांदा सहीसाठी. मला संशोधन म्हणजे काय हे पुढे पीएचडीला कळलं आणि ती वर्षं मला आजही टोचतात.

दुसरं, प्रश्न लहान. ‘महाराष्ट्रातील डिजिटल पेमेंट : एक अभ्यास’ असं घेऊन आलं की परत पाठवायचं, बोलत बोलत ‘आमच्या मंगळवारच्या बाजारात कुठले भाजीवाले क्यूआर कोड लावतात, कुठले लावत नाहीत आणि का’ इथपर्यंत आणायचं. कारण तिथे ते मूल सहा मंगळवार जाऊन बसू शकतं. तिसरं, दर आठवड्याला ठरल्या वारी अर्धा तास भेट, आणि लिहिणं पहिल्या महिन्यापासून, पानभर का होईना. चौथं म्हणजे ऑनर्सच्या मुलाला नुसत्या दोन असाइनमेंट वाढवून द्यायच्या नाहीत, त्याने हुशार मूल थकतं, बाकी काही होत नाही.

प्रयोगवही
सर, पहिल्याच मुद्द्याला माझा विरोध. मी केमिस्ट्रीची. आमच्याकडे मुलाने विषय आणायचा म्हटलं तर ते कॅन्सरवरचं औषध आणतं, यूट्यूबवर बघून. आमच्या लॅबमध्ये एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, तोही टीवायच्या प्रॅक्टिकलमधून मोकळा असेल तेव्हा. सेमिस्टर १५ आठवड्यांचं, केमिकल मागवायचं तर कोटेशनपासून हातात येईपर्यंत त्यातले पाच जातात. अशा वेळी यादी मीच देणार, आणि यात मला काही गैर वाटत नाही.

पण यादी म्हणजे मागच्या वर्षीचीच असं नाही ना. गेल्या वर्षी मी एका गटाला (एमएस्सीचा होता) आजूबाजूच्या वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी दिलं, नायट्रेट आणि हार्डनेस. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, हार्डनेस तर साध्या ईडीटीए टायट्रेशनने निघतो, महागडं काही लागत नाही. विषय माझा होता. पण कुठल्या विहिरी, पावसाआधी आणि पावसानंतर किती वेळा, शेणाचा उकिरडा विहिरीपासून किती पावलांवर, हे सगळं पोरांनी ठरवलं आणि तिथे ती खऱ्या अर्थाने शिकली. विषय कोणाचा यावर अडू नका, निर्णय कोण घेतंय ते बघा.

सीएचबी_१२_वर्षं
दोघांचंही वाचलं, छान आहे, पण तुम्ही दोघं कायम आहात असं लिहिण्यावरून दिसतंय. मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतोय, दोन कॉलेजांत, मध्ये एसटीचा सव्वा तास. मला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. मुलाबरोबर अर्धा तास बसलो, त्याचं पान वाचून लाल पेनाने दुरुस्त केलं, रविवारी त्याच्याबरोबर बाजारात गेलो, याची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. तुमच्या पानावर ‘दर आठवड्याला अर्धा तास’ हे एवढं सहज लिहिलंय, सहा मुलं असतील तर तीन तास झाले, ते कोणाचे?

आणि कायम लोकांचंही बघा, २०१८ च्या युजीसी रेग्युलेशनप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं, असोसिएट आणि प्रोफेसरला १४. ते आधीच भरलेत, कारण जागा रिकाम्या आहेत आणि त्या तासांचा भार उरलेल्यांवर. मुलाच्या मार्कशीटवर १२ क्रेडिट दिसणार आणि माझ्या टाइमटेबलवर शून्य. माझं स्पष्ट मत आहे की हे तास वर्कलोडमध्ये धरले जात नाहीत तोपर्यंत असं पान लिहूच नये, कारण मग प्रोजेक्ट वाईट झाला की दोष गाइडचा, ‘सूचना तर दिल्या होत्या’ म्हणून.

तालुक्यातला_मास्तर
@सीएचबी_१२_वर्षं सर, हे लागलं मला, आणि बरोबर आहे. तासांचं मी लिहिलंच नव्हतं. पण लिहूच नये हे नाही पटत. पान नसेल तर विभागाकडे मागायला हातात काहीच राहत नाही. कागदावर ‘सहा मुलं, तीन तास’ असं असलं तर प्राचार्यांसमोर निदान तो आकडा ठेवता येतो.

सीएचबी_१२_वर्षं
मग ती ओळ पहिली घाला, चौथी नाही. आणि ‘गाइडने भेटावे’ असं न लिहिता ‘टाइमटेबलमध्ये तास द्यावा’ असं लिहा. पहिलं वाक्य माझ्यावर बंधन घालतं, दुसरं कॉलेजवर.

निवृत्त_प्राचार्य
मूळ प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. हे चौथं वर्ष तालुक्याच्या कॉलेजात हवंच कशाला? पीएचडी गाइड असलेली माणसं नाहीत, जर्नल्स नाहीत, लायब्ररीत नवीन पुस्तक येऊन किती वर्षं झाली कोणास ठाऊक. दिल्ली विद्यापीठाने २०१३ ला चार वर्षांची पदवी आणली आणि जून २०१४ मध्ये मागे घेतली, हे मी जवळून वाचत होतो. पुन्हा २०२२ पासून नवीन आराखडा आला, तिथेही शिक्षकांची ओरड जागा आणि वर्गखोल्यांचीच आहे. ७५ टक्क्यांची मुलं विद्यापीठाच्या विभागात पाठवा, तिथे दोन वर्षांचं एमए करू देत. गाइडसाठी कितीही चांगल्या सूचना लिहिल्या तरी नसलेल्या लायब्ररीची जागा त्या भरून काढणार नाहीत.

प्रयोगवही
सर, आदर ठेवून सांगते, पाठवा म्हणणं सोपं आहे. माझ्या वर्गातल्या पहिल्या पाचात चार मुली आहेत. त्यातल्या दोघींच्या घरून पुण्याला हॉस्टेलवर पाठवणार नाहीत, मी घरी जाऊन बोलले आहे. चौथं वर्ष इथे झालं तर पुढे एमए-एमएस्सी एका वर्षात होतं, ७५ टक्के असतील तर नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) देता येते, २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीलाही थेट अर्ज करता येतो. हा दरवाजा त्यांच्या गावाजवळ उघडणार असेल तर तो मोडका आहे म्हणून बंद करायचा का? जर्नल्सचं म्हणाल तर शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात, ते कसं शोधायचं हे पहिल्या दोन आठवड्यांत शिकवणं हे गाइडचंच काम.

निवृत्त_प्राचार्य
मुलींचा मुद्दा मान्य, तो माझ्या नजरेतून सुटला. तरीही दर्जाची भीती जात नाही. शोधगंगावरून वाचतील तसंच उतरवूनही घेतील.

ओहायोतली_काकू
मी इकडे अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवते, मूळची सांगलीची. इथे ऑनर्स हा प्रकार जुना आहे, पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने १९२२ ला सुरू केला तो ऑक्सफर्डच्या ट्युटोरियलवरून. त्यात एक गोष्ट अशी की परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेतात, ऑनर्स द्यायचा की नाही हे शिकवणारा स्वतः ठरवत नाही. त्यामुळे शिक्षक आणि मूल एका बाजूला येतात, दोघांनी मिळून बाहेरच्या माणसासमोर उभं राहायचं. दर्जाची भीती असलेल्यांनी याचा विचार करावा, व्हायवाला शेजारच्या कॉलेजातला ओळखीचा माणूस न बोलावता खरंच प्रश्न विचारणारा बोलवा, आणि त्याला प्रबंध पंधरा दिवस आधी द्या.

आमच्याकडे ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट असतो. नेहमीच्याच कोर्समध्ये मुलाला ऑनर्स क्रेडिट हवं असेल तर तो आणि मी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच एका पानावर लिहितो, तो जास्तीचं काय करणार, मला कधी भेटणार, कशावरून पूर्ण झालं म्हणायचं, आणि दोघं सही करतो. मी नवीन होते तेव्हा ‘दहा पानांऐवजी वीस पानांचा पेपर’ असं लिहून दिलं होतं. त्या मुलाने वीस पानं आणून दिली, त्यातली दहा पाणी घातलेली. तेव्हापासून मी लांबी वाढवत नाही. आता मी सांगते, वर्गात आपण जो निष्कर्ष शिकलो त्याच्या विरुद्ध पुरावा शोधून आण. मास्तर सरांचा चौथा मुद्दा मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सीएचबी_१२_वर्षं
ताई, सहीचं पान चांगलं आहे पण तिकडे एका शिक्षकाकडे असे किती? आमच्या एफवायच्या वर्गात १२० नावं आहेत.

ओहायोतली_काकू
माझ्याकडे सेमिस्टरला दोन-तीन, जास्त झाले तर मी नाही म्हणते आणि नाही म्हटलेलं चालतं. तुम्हाला तो हक्क नाही हा खरा फरक आहे. तुमच्या पानावर गाइडमागे जास्तीत जास्त मुलं किती हा आकडा नक्की असू दे.

टीवायवाली
मी स्टुडंट आहे, बोलू का? मला ७८ आहेत, पुढच्या वर्षी रिसर्च घ्यायचंय. तुम्ही सगळे गाइडच्या बाजूने बोलताय म्हणून आमच्या बाजूचं सांगते. आम्हाला चुकलं हे लवकर कळत नाही. फील्ड प्रोजेक्टला मी ६० लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली, उन्हात फिरून, आणि सबमिशनच्या वेळी कळलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं फक्त हो-नाही असल्यामुळे त्यातून काहीच निघत नाही. कोणीतरी पहिल्या पाच भरल्यावर बघितलं असतं तर बरं झालं असतं. सर रागावतील म्हणून आम्ही दाखवत नाही आणि सर विचारत नाहीत.

आणि चॅटजीपीटीचं पण लिहा प्लीज. सगळे वापरतात. प्लेजरिझमच्या रिपोर्टमध्ये १० टक्क्यांच्या आत आलं की सगळं ठीक असं वर्गात समजतात, पण त्याने लिहिलेलं तसं सापडतच नाही.

प्रयोगवही
@टीवायवाली हे तू बोललीस ते फार बरं केलंस गं. चॅटजीपीटीवर माझा एकच उपाय आहे, कच्ची वही. माझ्याकडे रोजची नोंद हाताने, तारीख घालून, चुकलेलं रीडिंग खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवीन लिहायचं. व्हायवाला मी आधी वही उघडते, टाइप केलेलं नंतर. ज्याने काम केलंय तो वहीतल्या कुठल्याही पानावर दहा मिनिटं बोलू शकतो.

निवृत्त_प्राचार्य
वहीची कल्पना उत्तम. सामाजिक शास्त्रांनाही लागू करा, कोणाला भेटलो, कुठे, काय म्हणाले.

तालुक्यातला_मास्तर
पान बदललं. पहिली ओळ आता अशी आहे : ‘प्रत्येक गाइडच्या टाइमटेबलमध्ये दर सहा विद्यार्थ्यांमागे तीन तास दाखवावेत, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना ते तास देय धरावेत, सहापेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत.’ हे मंजूर होईलच असं नाही, पण सोमवारी मॅडमबरोबर प्राचार्यांकडे जातोय. विषय मुलानेच आणावा हे काढलं, त्याऐवजी ‘विषय कोणीही सुचवावा, मात्र नमुना, ठिकाण आणि पद्धत विद्यार्थ्याने ठरवून गाइडला पटवून द्यावी’ असं घातलंय, तरी अर्थशास्त्रात मी यादी लावणार नाही, तेवढं माझं राहू द्या. सुरुवातीलाच दोघांच्या सहीचं पान. कच्ची वही सक्तीची. आणि टीवायवालीची ओळ जशीच्या तशी : पहिल्या पाच प्रश्नावल्या भरल्या की गाइडने मागून घेऊन बघाव्यात, मुलाने आणून दाखवायची वाट बघू नये.

@टीवायवाली तुझा विषय काय ठरतोय?

टीवायवाली
अजून नक्की नाही सर. आमच्या गल्लीत सहा जणी घरी पापड लाटून एका व्यापाऱ्याला देतात, किलोमागे पैसे. त्यांना तो दर कोण ठरवतं आणि त्यांनी कधी वाढवून मागितलाय का, हे बघायचंय. आईपण लाटते म्हणून घ्यावा की नको हे कळत नाहीये.

तालुक्यातला_मास्तर
घे. आई लाटते हे पहिल्याच पानावर लिही, आणि आईची मुलाखत शेवटी घे, बाकी पाच जणींची झाल्यावर.