ग्राफिक्स कार्ड कोसळतंय: ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढायचा की कार्ड परत पाठवायचं?

रात्रपाळी: प्रोसेसर ५.१ गिगाहर्ट्झवर, डीडीआर४ रॅम एक्सएमपी (डब्यावर छापलेला वेग चालू करणारं सेटिंग) लावून ३६००वर, कार्ड कोअरला +१२० आणि मेमरीला +८०० मेगाहर्ट्झ. गेम सुरू करून वीसेक मिनिटं झाली की स्क्रीन काळी पडते, आवाज चालू राहतो, मग डेस्कटॉप परत येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दरवेळी ४१०१ ही नोंद. डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर पुसून नवा टाकला, फरक शून्य. स्ट्रेस टेस्टमध्ये हेच कार्ड दोन तास टिकतं. माझ्या मते ओव्हरक्लॉकचा संबंध नाही, कार्डच खराब आलंय. वॉरंटीत पाठवतोय.

मापात: घाई करू नका. ४१०१चा अर्थ एवढाच की विंडोजने कार्डाला काम दिलं, साधारण २ सेकंदांत उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. उत्तर का आलं नाही, ते त्यात लिहिलेलं नसतं. रॅममधला एखादा बिट उलटला तरी हाच आकडा दिसू शकतो. आधी सगळं डिफॉल्टवर आणा, एक्सएमपीसुद्धा. डीडीआर४ची जेडेकने (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) ठरवलेली कमाल ३२०० आहे. ३६०० हा ओव्हरक्लॉकच, डब्यावर छापलेला असला तरी.

वेगवेडा: मला हे पटत नाही. सगळं एकदम काढलं की क्रॅश थांबेल, पण दोषी कोण ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सुरुवात कार्डाच्या कोअरपासून करा.

स्ट्रेस टेस्ट दोन तास चालली याने फसू नका. पूर्ण भार असताना कार्ड पॉवर लिमिटला (वीज वापराच्या मर्यादेला) टेकतं आणि क्लॉक आपोआप खाली येतो. +१२० मात्र अख्खा व्होल्टेज-क्लॉक वक्र (किती व्होल्टेजला किती वेग, तो आलेख) वर उचलतो. गेममध्ये मेन्यू आला, रिकामी खोली आली, भार हलका झाला की कार्ड त्या वक्राच्या वरच्या टोकाला जातं, आणि ते टोक स्ट्रेस टेस्टने कधी तपासलेलंच नसतं. माझं आधीचं कार्ड नेमकं मॅप उघडल्यावरच पडायचं. दोन महिने मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

कार्डाची मेमरी जीडीडीआर६एक्स प्रकारची असेल तर आणखी एक बघा. ती चूक पकडून डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे पडद्यावर ठिपके दिसत नाहीत, फक्त फ्रेम घटतात. +८००ला +४००पेक्षा कमी फ्रेम मिळत असतील तर तो आकडा फुकट आहे.

तारजोड: एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) कुणी बोलतच नाही! ८ पिनच्या एका कनेक्टरला १५० वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटला ७५. कार्ड ३०० वॅटच्या पुढचं असेल आणि दोन तोंडांची एकच केबल लावली असेल तर सगळा करंट त्या एका केबलमधून जातो. दोन वेगळ्या केबल लावा. आमच्या नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे तर हे आधी बघतो मी.

मापात: केबल वेगळ्या करणं योग्यच. पण एसएमपीएसने हात टेकले की बहुधा अख्खं मशीन बंद पडतं आणि कर्नल-पॉवर ४१ची नोंद दिसते. इथे आवाज चालू राहतोय. मी एसएमपीएस तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

रात्रपाळी: चार संध्याकाळी घालवल्या. केबल वेगळ्या केल्या: क्रॅश. एक्सएमपी काढलं: क्रॅश. एक्सएमपी परत लावून फक्त कोअर शून्यावर आणला: सलग दोन संध्याकाळी एकदाही नाही. मेमरी +४००ला आणली तर फ्रेम उलट वाढल्या. पार्सल बांधून ठेवलं होतं, सोडलं. वेगवेडा, तुमचं बरोबर निघालं.

मापात: कोअरचं मान्य. पण त्याने ३६०० निर्दोष ठरत नाही. रॅमची चूक गेम पाडण्याआधी तुमच्या फाइली खराब करू शकते. मेमटेस्टचे (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे) चार पास, म्हणजे फेऱ्या, होईपर्यंत त्या मशीनवर कामाचं काही साठवू नका.

वेगवेडा: चार पास करा, हरकत नाही. एक्सएमपी मात्र काढू नका. त्या वेगाचे पैसे मोजलेत.

रात्रपाळी: मेमटेस्ट आता लावलाय. दुसरा पास चालू आहे.