कुमारी मातांची बाळं आणि सीलबंद दाखले: अमेरिकेची जुनी दत्तकपद्धत न्याय्य होती का?

रानजाई (धागालेखिका)

दुसरं महायुद्ध संपलं तिथपासून साधारण १९७३ पर्यंत अमेरिकेत लग्नाआधी आई झालेल्या असंख्य मुलींची बाळं दत्तक दिली गेली. आकडा १५ लाखांच्या घरात असावा, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. तिकडे या काळाला 'बेबी स्कूप एरा' म्हणतात. मुलीची अब्रू राहिली, बाळाला घर मिळालं, मूल नसलेल्या जोडप्याची कूस उजवली, म्हणजे सगळ्यांचंच भलं झालं, असा एक सूर या विषयावर कायम ऐकू येतो. मला तो मान्य नाही, म्हणून हा धागा.

पोट दिसायला लागायच्या आत मुलीला दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यातही पाठवत. शेजारपाजारी सांगायचं की मावशी आजारी आहे, तिच्याकडे गेलीय. प्रत्यक्षात ती फ्लॉरेन्स क्रिटेंटनच्या, साल्वेशन आर्मीच्या किंवा एखाद्या कॅथलिक संस्थेच्या प्रसूतिगृहात असे. तिथे आडनाव वापरायचं नाही. बाहेर पडताना कित्येकींना बोटात खोटी लग्नाची अंगठी घालावी लागे. बाळंतपणाच्या वेळी घरचं कोणी जवळ नसे. मग काही दिवसांतच समाजसेविका कागद पुढे करी. मुलगी १६-१७ वर्षांची, हातात पैसा नाही, शाळेतून नाव काढलेलं, आईवडील बाळासकट घरात घ्यायला तयार नाहीत. तिच्या बाजूने बोलणारा वकील नाही, आणि सरकारी मदत मिळू शकते हेही सहसा कोणी सांगत नसे. अशा सहीला मी संमती म्हणायला तयार नाही.

कोर्टात दत्तकविधान पक्कं झालं की मूळ जन्मदाखला सीलबंद व्हायचा आणि नवा निघायचा, दत्तक आईवडिलांच्याच पोटी जन्म झाल्यासारखा. मूल मोठं झालं, पन्नाशीला आलं, तरी बहुतेक राज्यांत त्याला मूळ दाखला बघायची सोय उरली नाही. या गुप्ततेला मुलीवरची दया म्हणणं मला चुकीचं वाटतं. तुमचं मत सांगा.

एडिसनकर

धागा चांगला आहे, पण असहमत. आधी काय होतं ते बघा. १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्क आणि आसपासची सुमारे दोन लाख मुलं आगगाडीत बसवून मध्य-पश्चिमेला धाडली. गावोगावच्या स्टेशनांवर, सभागृहांत त्यांना उभं करायचे आणि शेतकरी निवडून न्यायचे. कोणाला माया मिळाली, कोणी नुसतं राबवून घेतलं. त्या मानाने १९५० च्या दशकातली पद्धत कितीतरी पुढची. घरी येऊन चौकशी होई, जोडप्याच्या मुलाखती होत, मूल घरात आल्यावर काही महिने देखरेख असे आणि मगच कोर्ट शिक्का मारी.

आणि नवा दाखला का निघाला, हेही सांगायला हवं होतं. त्या काळी लग्नाबाहेरच्या मुलाच्या दाखल्यावर 'अनौरस' असा शेरा असे. शाळेत, नोकरीत तो कागद पुढे केला की लाज. तो शेरा पुसावा म्हणून नोंदणी अधिकारी आणि बालकल्याणवाल्यांनीच नवा दाखला सुचवला होता. हेतू वाईट नव्हता. काळच तसा होता.

रानजाई

@एडिसनकर, नव्या दाखल्यामागचा हेतू मलाही मान्य आहे. पण शेरा पुसणं वेगळं आणि त्या माणसाच्याच हाती मूळ कागद न देणं वेगळं. मिनेसोटाने १९१७ मध्ये दत्तकाची कागदपत्रं गोपनीय केली, ती चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून. ज्यांचा संबंध आहे त्यांना ती बघता येत. १९६० पर्यंत सुमारे २० राज्यांत सज्ञान दत्तक व्यक्तीला मूळ दाखला मागितला की मिळे. त्यातली बहुतेक दारं नंतरच्या दोन-तीन दशकांत बंद झाली. कॅन्सस आणि अलास्काने ती कधीच बंद केली नाहीत, आणि तिथलं काही बिघडलं नाही.

'काळच तसा होता' याला तर फ्लॉरेन्स क्रिटेंटनचाच इतिहास उत्तर देतो. १९ व्या शतकाच्या शेवटी या गृहांची सुरुवात झाली ती धर्मभावनेतून, आणि त्यांचा आग्रह असे की आई आणि बाळाची ताटातूट करू नये. आईने काही महिने तिथेच राहून बाळाला अंगावर पाजावं, काम शिकावं आणि त्याला घेऊन बाहेर पडावं. त्या काळात बदनामी कमी होती का? उलट जास्तच होती. धोरण फिरलं ते पुढे, व्यावसायिक समाजसेविका आल्या तेव्हा. लग्नाशिवाय दिवस गेले म्हणजे मुलीच्या मनातच काहीतरी बिघाड आहे, ती आई व्हायला लायक नाही, असा मानसशास्त्रीय सिद्धांत त्यांनी उचलला. युद्धानंतर विवाहित जोडप्यांकडून गोऱ्या बाळांची मागणी वाढली, तेव्हा तो सिद्धांत फार सोयीचा ठरला. गृहं तीच राहिली, सल्ला उलटा झाला.

तर्ककर्कश

मागणी होती म्हणून सिद्धांत आला, हा आरोप जरा घाईचा वाटतो. त्या समाजसेविकांपैकी बहुतेकींना मनापासून वाटत असणार की आपण दोन आयुष्यं वाचवतोय. आणि प्रत्येक मुलगी असहाय होती असंही नाही. स्टीव्ह जॉब्जचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्म. आईची अट होती की दत्तक आईबाप पदवीधर हवेत. ठरलेल्या जोडप्याला मुलगी हवी होती, म्हणून बाळ जॉब्ज कुटुंबाकडे गेलं. ते पदवीधर नाहीत हे कळल्यावर आई सही करेना. मुलाला कॉलेजात पाठवू असं त्यांनी कबूल केलं तेव्हा तिने सही केली. म्हणजे तिच्या शब्दाला किंमत होती.

कृष्णाकाठ

त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगते. जॉब्जने जन्मदात्या आईचा शोध घेतला तेव्हा त्याच्या हातात धागा होता तो दाखल्यावरच्या डॉक्टरच्या नावाचा. डॉक्टरने फोनवर सांगितलं की कागदपत्रं आगीत गेली. ते खरं नव्हतं. आपल्या मृत्यूनंतर द्यावं म्हणून त्याने एक पत्र लिहून ठेवलं आणि त्या पत्रात आईचं नाव होतं. स्वतःची आई कोण हे माणसाला एका डॉक्टरच्या मनात आलं म्हणून कळावं, हक्काने नाही, हे मला फार खटकतं.

आणि पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून बोलते. मेम्फिसची जॉर्जिया टॅन. 'टेनेसी चिल्ड्रेन्स होम सोसायटी'च्या नावाखाली १९२० च्या दशकापासून १९५० पर्यंत तिने हजारो मुलं विकली. गरिबांची मुलं वाटेवरून, दवाखान्यातून उचलली जायची. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला बाळ दगावलं म्हणून सांगत. बालन्यायालयातली न्यायाधीश कॅमिल केली कागदांवर सह्या करून मोकळी. गिऱ्हाइकं न्यूयॉर्कला आणि हॉलिवूडला. अभिनेत्री जोन क्रॉफर्डच्या जुळ्या मुली तिथूनच आलेल्या. टॅनच्या ताब्यात किती बाळं जुलाबाने गेली त्याचा नीट हिशेबही नाही. १९५० च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर ब्राउनिंगने प्रकरण उघड केलं आणि काही दिवसांतच टॅन कर्करोगाने गेली. खटला नाही, शिक्षा नाही. विकलेली मुलंही जवळजवळ कोणालाच परत मिळाली नाहीत. ती मोठी झाल्यावर त्यांना स्वतःची कागदपत्रं बघायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

तर्ककर्कश

टॅन गुन्हेगार होती. एका गुन्हेगारावरून सगळी पद्धत कशी मोडीत काढता? उलट, अशा प्रकरणांमुळेच नियम कडक झाले. १९५५ मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या उपसमितीने बाळांच्या काळ्या बाजारावर सुनावण्या घेतल्या. काळ्या बाजारावरचा उपाय म्हणजे परवानाधारक नामांकित संस्था. तुम्ही ज्या पद्धतीला झोडपताय तीच.

कृष्णाकाठ

नामांकित संस्थेचंच उदाहरण घ्या मग. न्यूयॉर्कची लुईस वाइज संस्था. १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ पीटर नॉयबाउर यांच्या अभ्यासासाठी या संस्थेने जुळी आणि एक तिळी भावंडं मुद्दाम वेगवेगळ्या घरांत दिली. बालविकासाचा अभ्यास चाललाय एवढंच दत्तक आईवडिलांना सांगितलं. मुलाचं सख्खं भावंड दुसऱ्या घरात वाढतंय हे सांगितलं नाही. ते तीन भाऊ १९८० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, निव्वळ योगायोगाने एकमेकांना भेटले. अभ्यासाची कागदपत्रं येल विद्यापीठात २०६५ पर्यंत बंद आहेत. इथे काळा बाजार नव्हता, भुरटा दलाल नव्हता. सगळी शिकलेली, प्रतिष्ठित माणसं होती आणि आपण काही वावगं करतोय असं त्यांना वाटतही नव्हतं. दारं बंद असली की असं करता येतं, एवढंच माझं म्हणणं.

मिसिसिपीपलीकडे

चर्चा गोऱ्या मुलींभोवतीच फिरतेय. १९७३ च्या आधी अविवाहित गोऱ्या मातांपैकी सुमारे १९ टक्के बाळ दत्तक देत. काळ्या मातांमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्याही आत. त्यांना प्रसूतिगृहांत जागाच क्वचित मिळे. बाळ आजी-मावशीच्या घरात वाढे. मग सरकार मदत तोडून शिक्षा करी. १९६० मध्ये लुइझियानाने 'घर योग्य नाही' असं म्हणत सुमारे २३,००० मुलांची मदत बंद केली, त्यातली बहुसंख्य काळी. तेव्हा 'बाळाच्या भल्यासाठी' हा युक्तिवाद करणाऱ्यांना विचारायला हवं, कुठल्या बाळाच्या?

शिवाय 'जुळवणी'. मूल दत्तक घरात पोटच्या पोरासारखं दिसावं म्हणून केसांचा रंग, डोळे, धर्म, वंश, एवढंच काय बुद्धीचा अंदाजसुद्धा जुळवत. जे बाळ जुळत नसे ते मागे राही. लेखिका पर्ल बक यांनी १९४९ मध्ये 'वेलकम हाउस' ही दत्तकसंस्था काढली ती याचमुळे. मिश्रवंशीय बाळांना दत्तक देणं जमणार नाही असं संस्था सांगत होत्या. आणि १९५८ ते १९६७ मध्ये सरकारी 'इंडियन अडॉप्शन प्रोजेक्ट'ने मूळनिवासी जमातींची ३९५ मुलं, बहुतेक गोऱ्या घरांत, दिली. तिथे मात्र वंश जुळवायची गरज कोणाला वाटली नाही. जमातींनी लढून १९७८ चा कायदा करून घेतला तेव्हा कुठे अशा प्रकारांना लगाम बसला.

पेठेतला जुना

थोडं अवांतर, पण मुद्द्याशी जोडलेलं. पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, आणि मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांनी स्वतः ठरवावं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. गुप्तता तिथेही होती, पण निर्णय बाईच्या हाती. अमेरिकेतल्या त्या गृहांना शंभर वर्षांनंतरही हे साधलं नाही.

ओवीगाथा

मी स्वतः दत्तक मुलीची आई आहे, त्यामुळे हा धागा वाचताना त्रास झाला. 'बाळं काढून घेतली' असं म्हणताना वाढवणाऱ्या आईवडिलांचा विचार होत नाही. त्यांनी रात्री जागवल्या, त्यांनीच वाढवलं. त्यांच्यापैकी बहुतेकांना पलीकडे काय घडलं हे माहीतही नसणार. माझ्या मुलीला आम्ही पहिल्यापासून सगळं सांगत आलो, त्यामुळे लपवाछपवीची बाजू मी घेणार नाही. पण एका गोष्टीचं उत्तर हवंय. १९५८ मध्ये ज्या मुलीने सही केली, नंतर लग्न केलं, नवऱ्याला मुलांना काही सांगितलं नाही, तिच्या दारात आज साठीचा माणूस दाखला घेऊन उभा राहिला तर? तिला दिलेल्या शब्दाचं काय?

रानजाई

@ओवीगाथा, मनापासून लिहिलंत, आणि वाढवणाऱ्या आईबापांच्या मायेवर माझा आक्षेप नाही. शब्दाबद्दल मात्र सांगते. मूळ दाखला सीलबंद होई तो आईने सही केल्यावर नव्हे, दत्तकविधान पक्कं झाल्यावर. बाळ सोडून दिलं पण कोणी दत्तक घेतलंच नाही, तर दाखला तसाच उघडा राही, आईच्या नावासकट. कायद्याला आईचं नाव झाकायचं असतं तर असं झालं नसतं. झाकायचं होतं ते दत्तक घराच्या सोयीसाठी. आणि 'कन्सर्न्ड युनायटेड बर्थपेरेंट्स' ही संघटना १९७६ मध्ये याच मातांनी काढली, दाखले उघडा म्हणून.

ऑरेगनमध्ये १९९८ साली लोकांनीच मतदानाने कायदा केला. दाखला मिळतो, आणि आईला कळवता येतं: संपर्क हवा, मध्यस्थामार्फत हवा, किंवा नको. संपर्क नको म्हणणाऱ्या थोड्याच निघाल्या.

एडिसनकर

ऑरेगनचा तोडगा मला पटतो. दाखल्याच्या प्रश्नावर मी आता विरोधात नाही. पण १९७३ नंतर हे सगळं अन्याय होता म्हणून थांबलं, असं चित्र उभं करू नका. त्या वर्षी गर्भपात कायदेशीर झाला, गर्भनिरोधक गोळी त्याआधीच आली होती. बाळंच कमी जन्मली.

मिसिसिपीपलीकडे

@एडिसनकर, जन्मलेल्यांपैकी किती दिली ते बघा ना. गोऱ्या अविवाहित मातांमध्ये १९ टक्क्यांवरून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ८ टक्क्यांच्या आत आणि १९९० च्या दशकात २ टक्क्यांच्याही आत. त्याच काळात लग्नाशिवाय आई होणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. गरोदर मुलीला शाळेतून काढणं १९७० च्या दशकात बेकायदा ठरलं, अनौरस मुलांचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६८ पासून मान्य करायला घेतले. पर्याय मिळाल्यावर बहुसंख्य मुलींनी बाळ ठेवलं.

ओवीगाथा

ऑस्ट्रेलियात पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी मार्च २०१३ मध्ये अशाच सक्तीच्या दत्तकांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली होती. अमेरिकेत तसं काही झालेलं नाही ना?

तर्ककर्कश

राष्ट्रीय पातळीवर नाही. आणि मागायची कोणी? दत्तकाचा कायदा राज्यांचा, गृहं चर्चची आणि खाजगी, सह्या घेणाऱ्या समाजसेविका हयात नाहीत. मला अशी माफी पोकळ वाटते.

रानजाई

माफी राहू द्या. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा केला, आणि जानेवारी २०२० पासून तिथे जन्मलेल्या सज्ञान दत्तक व्यक्तींना मूळ दाखला मिळू लागला. कॅलिफोर्निया आणि टेक्साससारख्या मोठ्या राज्यांनी अजून तेवढंही केलेलं नाही. १९५५ मध्ये सही केलेल्या मुली आता नव्वदीकडे आल्यात. दाखले उघडायचे तर त्या हयात असताना उघडा.